कॅन्सर रुग्णाकडून जीवनमानाचा फॉर्म भरून घेताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या कॅन्सर ओपीडीत बाबांना ‘कसं शे?’ विचारलं की ते ‘बरं शे’ म्हणतात आणि पुढचे प्रश्न मुलगाच उरकून टाकतो. ‘जेवतात ना, काही त्रास नाही.’ जेवतात खरं, पण कळण्याची भाकर सुटून महिना झालाय, हे सून सांगते. म्हणून आजारपणात रोजचं जगणं कसं चाललंय हे रुग्णालाच विचारणारा हा फॉर्म काढण्याआधी मुलाला औषधं आणायला पाठवा. शिवाय पैशाच्या अडचणीचाही प्रश्न त्यात आहे. पोरासमोर बाप त्याचं खरं उत्तर देत नाही.

वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा, छापलेलं मराठी वाक्य आहे तसंच. अडलंच तर अहिराणीत समजवा, पण कोणते शब्द वापरले ते टिपून ठेवा. पुढच्या खेपेला तेच शब्द हवेत, नाहीतर दोन आकड्यांची तुलना करता येणार नाही.

सर्वात जास्त घोळ ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या क्यूएलक्यू-सी३० या तीस प्रश्नांच्या फॉर्ममध्ये शेवटी होतो. पहिल्या २८ प्रश्नांना १ ते ४ पर्याय, तिथे १ म्हणजे ‘अजिबात नाही’, म्हणजे चांगलंच. २९ आणि ३० ला मात्र १ ते ७, आणि तिथे १ म्हणजे अतिशय वाईट. ओघात सगळीकडे १ वर गोल केलेला फॉर्म दिसला, तर जमा करण्याआधी ते दोन प्रश्न पुन्हा विचारा. ‘गेल्या आठवड्यात’ हे शब्दही सहाव्या प्रश्नापासून लागू होतात. केमोच्या दिवसाचं उत्तर आणि पंधरा दिवसांनंतरचं उत्तर एकाच तराजूत घालू नका.

उत्तरांवरून काढलेले गुण ० ते १०० मध्ये येतात. कार्यक्षमतेत, म्हणजे चालणं-फिरणं, रोजची कामं अशा प्रश्नांत, जास्त म्हणजे चांगलं, लक्षणांत जास्त म्हणजे त्रास. सगळे मिळून एक बेरीज करू नका.

आणि हा फॉर्म तोंड किती उघडतं किंवा हात किती वर जातो, हे विचारतच नाही. त्यासाठी डोक्या-मानेचं आणि स्तनाचं वेगळं पुरवणी पत्रक असतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर पट्टीच घ्या: पुढच्या दातांमधलं अंतर ३५ मिमी किंवा कमी भरलं, तर फिजिओथेरपिस्टकडे पाठवायला उशीर नको.

गरज मात्र तोंडीच विचारावी लागते. एका मावशींच्या हाताची सूज मोजण्यात आम्ही गुंतलो होतो. ‘तुम्हाला आधी काय जमायला हवंय?’ विचारल्यावर त्या म्हणाल्या, उन्हाळा आलाय, बिबडे (ज्वारीचे पापड) घालायचेत, खांदा वळत नाही. व्यायाम मग खांद्यापासून सुरू झाले.