हळदीकुंकू आटोपलं, आता बाग दाखवायची आहे

संक्रांत ते रथसप्तमी हे नागपुरातल्या बागांचे सगळ्यात देखणे दिवस. पिटुनिया, डेलिया, फ्लॉक्स, साल्व्हिया भरात असतात, ऑक्टोबरात छाटलेल्या गुलाबांवर पुन्हा कळ्या धरलेल्या असतात. आणि हळदीकुंकू, हुरडा, रोडगे-वांग्याची पार्टी (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याची भाजी) हे सगळंही याच दिवसांत अंगणात होतं. मग एकाच दमात बागही दाखवून टाकू, असं घरच्यांना वाटतं.

तसं करू नका. लॉनवर पन्नास माणसं उभी असली की बाग कोणालाच दिसत नाही. वाण, साड्या, गरम भाकरी, कितीतरी दिवसांनी भेटलेली चुलत जाऊ, लक्ष सगळं तिकडे, आणि तेच बरोबर आहे. बाग दाखवायची तर त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, चार-सहा जणांना वेगळं बोलावून दाखवा. मधल्या दिवसांत काय करायचं ते सांगते, कारण याबाबत मिळणारे बहुतेक सल्ले आपल्या मातीचे नसतात.

त्याच रात्री

मॅट, खुर्च्या, टेबलं त्याच रात्री उचलायला लावा. मंडपवाला "सकाळी नेतो" म्हणेल, तेव्हा निदान मॅट गुंडाळून गॅलरीत ठेवा. मॅटखाली रात्रभर दबलेलं गवत सकाळी चपटं आणि ओलं निघतं आणि पुढे पिवळं पडतं.

सांडलेल्या गोष्टींत तीन जास्त त्रासाच्या. पहिलं, पॉट आइस्क्रीमचा बर्फ. त्यात मीठ असतं, आणि केटररची माणसं तो डबा सवयीने जवळच्या आळ्यात उलटा करतात. तिथलं गवत किंवा रोप जळलंच म्हणून समजा. आधीच बादली दाखवून ठेवा. तरी ओतलाच, तर तेवढ्या जागेत लगेच भरपूर पाणी सोडून मीठ खाली धुवून काढा. या रात्री पाणी सोडायचं ते फक्त तिथे. दुसरं, तर्री. तेल सांडलं तर त्यावर कोरडी माती टाका, तेल तिने ओढलं की खुरप्याने खरडून बाहेर फेका. तिसरी, गोवऱ्यांची राख. "राख झाडांना चांगली" हे वाक्य कोकणातल्या आंबट मातीत खरं असेल. आपली काळी माती मुळात चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात राख मिसळली की गुलाब आणि संत्र्याला लोह मिळणं आणखी अवघड होतं, आणि नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. राख भांडी घासायला ठेवा किंवा खताच्या खड्ड्यात थोडी थोडी टाका, वाफ्यात नको.

लॉन, म्हणजे खरं काम

दुसऱ्या दिवशी सकाळी माळी येतो, तुडवलेलं गवत पाहतो आणि विचारतो, "पाणी टाकून देऊ का ताई, उठून जाईल." शेजारचे काकाही हेच सांगतात. नाही म्हणा. पहिली काही वर्षं मला कळत नव्हतं की भरपूर पाणी देऊनही लॉनचे तेच तेच पट्टे मार्चपर्यंत टकले का राहतात. कारण पाणीच होतं.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. शेतात ती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि त्यातूनच आपोआप मोकळी होते. लॉनला आपण सतत पाणी देतो, त्यामुळे तिला फाटायला वाव मिळत नाही. माणसं चालली की वरच्या दोन-तीन इंचांतली हवा निघून जाते, आणि माती जितकी ओली तितकी जास्त दबते. अशा दबलेल्या मातीवर सकाळी पाइप सोडला, माळी त्याच चिखलातून चार वेळा फिरला, की वर गुळगुळीत पापुद्रा बसतो. मग पाणी वरच साचतं, मुळं गुदमरतात आणि तुम्ही गवत सुकलं म्हणून आणखी पाणी देता.

तर पहिल्या दिवशी एवढंच करायचं: दव उडाल्यावर खराट्याने गवत उलट्या दिशेला हलकेच झाडून उभं करायचं. कुंचा चालत नाही, काड्या कडक हव्यात. मशीन फिरवायचं नाही, खत द्यायचं नाही आणि मुलांना बॅट घेऊन येऊ द्यायचं नाही.

त्यानंतर रोज मातीची परीक्षा. जिथे जेवणाचं टेबल होतं, जिथून माणसं आत आली, जिथे सगळ्यांनी उभं राहून फोटो काढले, त्या जागांवरून खुरप्याने दोन-तीन इंच खोलीची सुपारीएवढी माती घ्या आणि दोन तळव्यांमध्ये वळा. पेन्सिलीएवढी लांब वळी झाली तर माती ओली आहे, थांबा. खड्यासारखी टणक राहिली, नखही शिरेना, तर संध्याकाळ टाळून दुपारी हलकं पाणी शिंपडा आणि उद्या परत पाहा. वळी करता करता तुटली, रव्यासारखी सुटली, की माती टोचून मोकळी करायची वेळ आली. जानेवारीच्या उन्हात ही वेळ साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. ती चुकवू नका. त्या दिवशी बाहेरगावचं लग्न असलं तरी आधी हे काम उरका.

आता चार दात्यांचा फोर्क घ्या. सब्बल, म्हणजे पहार, घेऊन भोकं पाडायला निघालेल्या माणसाला थांबवा, कारण सब्बलीने भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या चोपून बसतात. फोर्क तीन-चार इंच सरळ आत जाऊ द्या, दांडा किंचित मागे ओढा, माती जराशी उचलली की थांबा आणि फोर्क सरळ वर काढा. ढेकूळ पलटवायचं नाही. पुढचं भोक पाच-सहा इंचांवर. मागे मागे सरकत या आणि पायाखाली लाकडी फळी ठेवा, नाहीतर आत्ता मोकळं केलेलं तुम्हीच दाबाल. नव्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, मातीखाली लगेच मुरूम लागतो. फोर्क अडला तर जोर करू नका, जेवढा गेला तेवढा पुरे. सगळं लॉन टोचायची गरज नाही, तुडवलेल्या जागाच.

भोकांत चाळलेलं कुजकं शेणखत दोन भाग आणि जाडी रेती एक भाग असं मिश्रण झाडूने ढकला. नुसती रेती लॉनवर पसरू नका. काळ्या मातीत थोडी रेती कालवली तर माती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर घट्ट बसते. आणि जिप्सम टाकायचा सल्ला ऐकलात तर आधी माती तपासून घ्या. सोडियम जास्त असलेल्या जमिनीत त्याचा उपयोग होतो, दबलेल्या जमिनीवर तो औषध नाही.

यानंतर पहिलं खरं पाणी, सकाळी, बारीक फवाऱ्याने. एका जागी तांब्याभर ओतून पाहा. दहा मिनिटांत जिरलं तर काम झालं, साचून राहिलं तर माती सुटल्यावर तो भाग पुन्हा टोचा. आंबिया बहारासाठी, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याला ताण दिला असेल, पाणी तोडलं असेल, तर लॉनचं पाणी त्याच्या आळ्याकडे वळू देऊ नका.

गवताचे नवे हिरवे कोंब दिसल्यावर, आणि त्याआधी नाही, चौरस मीटरला 10 ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून झारीने द्या आणि वरून साधं पाणी मारा. थंडी कडक असेल तर लॉनची हरळी आळसावलेली असते. तेव्हा युरिया फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राखून ठेवा, टकल्या जागी नवी रोपणीही तेव्हाच करा.

वाफे आणि कुंड्या

कोमेजलेली फुलं खुडा, मोडक्या फांद्या कापा, कुंड्यांच्या बाहेरची बाजू पुसा.

दाखवायचा दिवस

वेळ दुपारी चारची. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्याआधीच्या तिरप्या उन्हात डेलियाच्या पाकळ्यांचे पदर वेगळे दिसतात. बाराच्या उन्हात तेच फूल सपाट वाटतं.

चहा आधी देऊ नका. एकदा माणसं खुर्चीत बसली की बाग खुर्चीतूनच पाहतात. फाटकातून थेट बाजूच्या वाटेने मागे घेऊन जा आणि पुढच्या अंगणाकडे चालत या, म्हणजे सगळ्यात रंगीत वाफा शेवटी येतो. लॉनच्या कडेने चाला, मधून नाही. टकला पट्टा अजून दिसत असेल तर तेवढ्या दिवसापुरत्या त्यावर चार कुंड्या मांडा आणि पाहुणे गेले की लगेच उचला.

"अजून फुलं यायचीच आहेत हो" असं म्हणत फिरू नका. समोर जे आहे त्याच्याजवळ थांबा, नाव सांगा, कधी लावलं ते सांगा आणि त्यांना पाहू द्या. संत्र्याला कळी असेल तर पाहुण्यांना झाडापाशी जरा उभं ठेवा, वास येतोच.

फांदी सगळे मागतात. जो मागेल त्याला द्या, पण कात्री तुमच्याच हातात ठेवा. हाताने ओढून तोडलेल्या फांदीची साल खालपर्यंत सोलली जाते. जास्वंद, बोगनवेल यांची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर कलमं आधीच कापून ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवली तर उत्तम. पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला वाण म्हणून रोपं द्यायची असतील, तर त्याच झाडांची काही कलमं पावसाळ्यात कापून स्वतःकडे पिशवीत लावून ठेवा. आणि पुढच्या वर्षी हळदीकुंकवाच्या दोन दिवस आधीच लॉनचं पाणी बंद करा, म्हणजे माती कमी दबेल.