रंगीत कॉर्डिलाइनला थंडी किती सोसते? मुंबईतल्या हिवाळ्यासाठी निगा

कॉर्डिलाइन हे शोभेच्या पानांचं झाड उणे तापमानातही तगतं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं आहे, पण न्यूझीलंडच्या कॉर्डिलाइन ऑस्ट्रेलिसबद्दल. त्याची पानं अरुंद, तलवारीसारखी असतात. आपल्या नर्सरीत रुंद, गुलाबी-लाल पानांचं मिळतं ते कॉर्डिलाइन फ्रुटिकोसा, उष्ण प्रदेशातलं झाड. १५ अंशांच्या वर ते खुशीत असतं, १० च्या खाली पानांना इजा होते आणि दव गोठलं तर जमिनीवरचा सगळा भाग जातो. हिरव्या जातींपेक्षा गुलाबी-पांढऱ्या जाती जास्त नाजूक.

बऱ्याचदा हे झाड ‘ड्रेसिना’ (दिसायला सारखं, पण वेगळं झाड) म्हणून विकलं जातं. कुंडी बदलताना एक मूळ मोडून पाहा: आतून पांढरं असेल तर कॉर्डिलाइन, पिवळट-नारिंगी असेल तर ड्रेसिना.

मुंबईत पारा १० च्या खाली क्वचितच जातो. सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंश नोंदले गेले होते, पण तो अपवाद. इथे हिवाळ्यात झाड दगावतं ते बहुतेक वेळा मुळं कुजून. गारव्यात वाढ मंदावते, पाणी कमी लागतं आणि आपण मात्र रोजचा तांब्या चालूच ठेवतो.

डिसेंबर लागण्याआधी

कुंडीचं भोक मोकळं आहे का ते तपासा, खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या. माती चिकट झाली असेल तर दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड रेती आणि एक भाग गांडूळखत असं मिश्रण करा. पर्लाइट (मातीत मिसळायचे पांढरे, हलके दाणे) आणि सुपर फॉस्फेट खत टाळा. दोन्हींत फ्लोराइड असतं आणि त्यानं या झाडाच्या पानांची टोकं करपतात. कुंडी बदलायची ती नोव्हेंबरमध्येच. ऐन गारव्यात मुळं दुखावली तर लवकर सावरत नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत खत बंद.

थंडीत

बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर पाणी नको. द्यायचंच तर सकाळी द्या, संध्याकाळी नको, आणि शेंड्यातल्या पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका. जागा सकाळच्या दोन-तीन तास उन्हाची हवी. भरपूर उजेड आणि गार रात्री मिळाल्या की नव्या पानांचा रंग सर्वांत गडद येतो, म्हणून झाड घाबरून घरात कोंडू नका. एसीच्या झोतासमोर किंवा बाल्कनीतल्या आउटडोअर युनिटजवळ तर मुळीच नको. कोरड्या हवेत लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) लागतो; आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू धुवा.

पान बिघडलं तर नीट पाहा

टोक आणि कडा तपकिरी, कुरकुरीत: कोरडी हवा किंवा खताचे क्षार. खालची पानं भराभर पिवळी पडतात आणि बुंधा दाबला की मऊ लागतो: मुळं कुजताहेत, त्याच दिवशी कुंडीतून काढा. पानाच्या मध्यभागी भिजल्यासारखे गडद डाग पडून पुढे तपकिरी होतात: ही थंडीची इजा. ती दोन-तीन दिवस उशिरा दिसते, त्यामुळे कारण ओळखताना चूक होते. अगदी तळाचं एखादं जुनं पान पिवळं पडणं मात्र नेहमीचंच.

लोणावळा, नाशिक, महाबळेश्वरला झाड असेल तर

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दव गोठतं. तिथे हे झाड कुंडीतच ठेवा आणि थंडीत आत घ्या. जमिनीत लावलंच असेल तर सूर्यास्ताआधी जुनी सुती चादर काठ्यांवरून जमिनीपर्यंत सोडा, म्हणजे मातीची ऊब आत राहते. सकाळी ती काढा. प्लास्टिक पानांना टेकलं तर तिथेच पान काळवंडतं.

शेंडा मेला तर

लगेच छाटू नका. मेलेली पानं खोडावरच्या खालच्या डोळ्यांना (जिथून कोंब फुटतात त्यांना) आडोसा देतात. फेब्रुवारीच्या शेवटी खोड नखानं खरवडा. आत हिरवं दिसेल तिथवर ठेवून वरचं कापा. खोड पूर्ण गेलं तरी जमिनीखालचा जाड कंद टणक असेल तर वाट पाहा, उन्हाळ्यात कोंब येतात. नवी रोपं करायची तर कापलेल्या निरोगी खोडाचे १० सेंमीचे तुकडे ओलसर रेतीत आडवे, अर्धे पुरून सावलीत ठेवा. रेती ओलसर हवी, चिंब नको.