हंगामी कामगार आणि ईएसआय: या चुका टाळा

"हंगामी माणसाला विमा नसता" हे मी कुडाळ एमआयडीसीच्या पट्ट्यात कागद भरून देताना इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरही देत नाही, सरळ पगाराची चिठ्ठी मागतो. दहा किंवा जास्त माणसांचा कारखाना आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल, तर रोजंदारीवाला, कंत्राटी, हंगामी सगळे ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात येतात. वर्गणी पगारावर: कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25. कपात होतेय आणि विमा नंबर माहीत नाही, ही पहिली चूक.

सगळ्यात महागात पडते ती पहिल्या केसपेपरची चूक. काजू पॅकिंगच्या मशीनमध्ये एका पोराच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. कामाचा नववा दिवस. ठेकेदाराने त्याला दुचाकीवर घातलं आणि वाटेत पढवलं, "डॉक्टराक सांग, घराकडे कोयतो लागलो. बाकी मी बघतंय." खाजगी दवाखान्याचं बिल त्याने भरलं, म्हणून पोरगा त्याला देवमाणूस समजत होता. चार महिन्यांनी काम सुटलं, मग माझ्याकडे आला. केसपेपरवर कोयता, अपघात वहीत नोंद नाही.

कामावरच्या अपघाताला किती दिवस वर्गणी भरली याची अट नसते, नववा दिवसही चालतो. बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात. तर्जनीचं एक पेर गेलं की कायद्याच्या तक्त्यात कमाईची क्षमता 9 टक्के घटली असं धरतात, आणि त्या हिशोबाने पैसे आयुष्यभर. हे सगळं एका थापेवर सोडलेलं. शेवटी बरोबरच्या दोघांचे जबाब आणि कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेला रक्ताळलेल्या मशीनचा फोटो, यावर काम झालं. दीड वर्ष गेलं त्यात.

माझी सवय सांगतो: आधी अपघात वहीत नोंद, तिचा फोटो, मग गाडी. रक्त थांबत नसेल तर अर्थात आधी गाडी, पण डॉक्टरसमोर तोंडातून "मशीन" हा शब्द निघालाच पाहिजे.

ठेकेदार बदलला की नवा विमा नंबर काढू देऊ नका, जुनाच द्या. दोन नंबरांत दिवस वाटले जातात. आजारपणाचे पैसे (रोजाच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत) हवेत तर सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी लागते. गणपतीला न सांगता पंधरा दिवस गायब होणाऱ्यांचे नेमके चार-पाच दिवस कमी पडतात, आणि मग शिव्या मला.

होडीवरच्या खलाशांसाठी एकच ओळ. 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा (अपघात विमा) मे अखेरीस बँक खात्यातून कापला जातो, नेमकी तेव्हाच 1 जूनच्या मासेमारी बंदीआधी सगळी रक्कम गावी पाठवलेली असते. खात्यात शंभराची नोट राहू द्या.