बूस्ट वाढवण्याआधी रिंगची फट मोजा
स्टॉक (कंपनीने दिलेल्या, न बदललेल्या) इंजिनाला टर्बो लावल्यावर पिस्टन फुटला, तर कारण बऱ्याचदा पिस्टनवरच्या रिंगच्या तोंडांमधली अपुरी फट असते. वाढलेल्या उष्णतेने रिंग फुगते, तोंडं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरमध्ये आवळते आणि पिस्टनचा वरचा काठ उचकटून निघतो. बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली जादा हवा) नसताना वरच्या रिंगला बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या, साधारण ०.४ टक्के फट पुरते, बूस्टसाठी ०.५५ ते ०.६ टक्के ठेवा, म्हणजे ९० मिमी बोअरला सुमारे ०.५ मिमी. दुसरी रिंग किंचित सैलच बरी. रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा. फट कमी भरली तर रिंगचं एकच तोंड, बाहेरून आतल्या दिशेने घासा आणि कंगोरा नक्की काढा. फट जास्त झाली तर थोडा ब्लो-बाय (रिंगजवळून खाली निसटणारा वायू) वाढतो, इतकंच.