रानमोडी की भिरंड? आधी पान चुरगाळून बघा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, बेणताना (तण काढताना) मी आधी पान चुरगाळते. रानमोडी या तणाला उग्र वास येतो. पानाच्या देठाशी तीन शिरा त्रिशूळासारख्या फुटतात. मूळची अमेरिकेतली ही. भराभर वाढते, तिचं केसाळ, हलकं बी वाऱ्यावर दूर जातं. आपलं भिरंड, म्हणजे कोकम, वाढीला संथ. कोवळी पानं तांबूस, बी जड, आणि बियांपासून आलेलं झाड फळायला 7-8 वर्षं तरी घेतं. त्यामुळे त्याचं एक रोप चुकून उपटलं गेलं तरी माझा जीव हळहळतो. नुसत्या वाढीच्या वेगावर जाऊ नका, आपली काही झुडपंही झपाट्याने वाढतात. रानमोडी कोयत्याने छाटू नका, बुडख्यातून पुन्हा फुटते. माती ओली असतानाच, फुलायच्या आत, मुळासकट ओढून काढा.