इंगलटनची धबधब्यांची वाट कशी चालावी

ठोसेघर पाहिलेल्या माणसाला इंग्लंडमधले धबधबे आधी किरकोळच वाटतात. यॉर्कशरमधला नावाजलेला थॉर्नटन फोर्स जेमतेम १४ मीटरचा. उंचीच मोजायची असेल तर इथवर येण्यात अर्थ नाही. पण एका अर्ध्या दिवसात घनदाट झाडीतली घळ, लहानमोठ्या धबधब्यांची रांग, वाऱ्याचं उघडं माळरान आणि उतरताना पुन्हा ओकची झाडी, असं सगळं सात किलोमीटरच्या एका फेरीत हवं असेल, तर इंगलटनसारखी वाट मी तरी दुसरी सुचवणार नाही.

इंगलटन हे उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्स या डोंगरदऱ्यांच्या भागाच्या नैर्ऋत्येकडचं गाव. ट्विस आणि डो या दोन छोट्या नद्या गावात एकत्र येतात आणि पुढे ग्रेटा नावानं वाहतात. एका नदीच्या काठानं वर चढायचं, डोंगराच्या कुशीतून आडवं जायचं आणि दुसरीच्या काठानं गावात उतरायचं, एवढाच या वाटेचा आराखडा. १८८५ मध्ये ही वाट लोकांसाठी खुली झाली, तेव्हा माणसं रेल्वेनं थेट गावात उतरत. इंगलटनची प्रवासी गाडी १९५४ मध्ये बंद झाली. गावावरचा उंच दगडी रेल्वेपूल मात्र अजून उभा आहे.

१. दिवस निवडा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. आपल्याकडचे धबधबे पावसाळ्याचे पाहुणे, इथले बारमाही; पण कोरड्या आठवड्यात तेही रोडावतात. म्हणून दोन-तीन दिवस चांगला पाऊस झाला की त्याच्या दुसऱ्या दिवशी जावं. धो धो पाऊस चालू असताना नको. पूर आला किंवा बर्फ धरलं की वाट बंद ठेवण्याची वेळ येऊ शकते, तेव्हा निघण्याआधी वाटेच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

झाडीसाठी यायचं असेल तर मे महिना. झाडांना नवी पालवी असते, खाली रानलसणाची पांढरी फुलं पसरलेली असतात आणि हवेत त्याचा वास. ऑक्टोबरअखेरीस पानं पिवळी-तांबूस होतात, पण तीच गळून ओल्या पायऱ्यांवर पडतात आणि पाय सटकतो. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळीच निघावं लागतं. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो.

२. तिकीट आणि प्रवास

इंग्लंडमधल्या बहुतेक पायवाटा फुकट असतात. ही खासगी जमिनीतून जाते, म्हणून प्रवेशशुल्क आहे. पार्किंग त्यातच धरलेलं असतं. आधी ऑनलाइन तिकीट काढलेलं बरं, विशेषतः शाळांच्या सुट्ट्यांत.

गाडी नसेल तर लीड्स ते मोरकम या मार्गावरचं बेंथम हे जवळचं स्टेशन, गावापासून साधारण पाच किलोमीटरवर. गाड्या दिवसातून मोजक्याच. टॅक्सी स्टेशनबाहेर उभी असेल असं धरून चालू नका, आदल्या दिवशी ठरवून ठेवा. बसचंही तसंच, विशेषतः रविवारी.

३. पायात काय, पाठीवर काय

घोट्याला आधार देणारे, खोल खाचांचे बूट. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज घालून येणारे लोक प्रत्येक वेळी दिसतात, आणि वाटेवरच्या पेका धबधब्यांजवळच्या पायऱ्यांवर कठडा धरून इंच इंच सरकतानाही तेच दिसतात. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. छत्री या वाऱ्यात निरुपयोगी. टोपीचं जॅकेट, एक जादा स्वेटर, पाणी आणि डबा घ्या. चपातीची गुंडाळी आणि चिवडा बेस्ट. वाटेत खायला मिळेलच या भरवशावर राहू नये.

मुलं पाच-सहा वर्षांची असतील तर सहज चालतात. बाबागाडी किंवा व्हीलचेअर मात्र या वाटेवर चालत नाही. पायऱ्या फार आहेत.

४. ट्विसच्या काठानं वर

घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरा. खुणाही तशाच लावल्या आहेत, त्यामुळे समोरून येणाऱ्यांना वाट देत बसावं लागत नाही. सुरुवातीची झाडी स्वीला ग्लेन. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, मध्ये नदी, वर ओक आणि ॲश. इथं घाई करू नका. ओल्या खोडांवरचं शेवाळ आणि नेचे बघायला पाच मिनिटं थांबलात तरी पुढचं काही पळून जात नाही.

मग एकापाठोपाठ पूल लागतात आणि पेका फॉल्स सुरू होतात. नदी इथं टप्प्याटप्प्यानं कोसळते आणि पायऱ्या तिला चिकटून चढतात. दम लागतो तो इथंच. कठड्याबाहेर फोटोसाठी जाऊ नका. कातळ कायम ओला असतो.

झाडी संपली की उघड्यावर समोर थॉर्नटन फोर्स. माझ्या मते या वाटेवर सर्वांत जास्त वेळ इथंच द्यावा. पाण्याकडे बघून झालं की मागच्या कड्याकडे बघा. वर चुनखडीचे आडवे थर, सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेले. त्यांच्या खाली उभे, तिरपे झालेले पाटीच्या दगडाचे थर, आणखी १० कोटींहून अधिक वर्षं जुने. मधला सगळा काळ त्या एका रेषेत गडप झाला आहे. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट याच्यापुढे अगदी तरुण, साडेसहा कोटींच्या आसपासचा. दोन्ही थर कुठं भेटतात ते काठावर उभं राहूनही दिसतं, त्यासाठी धबधब्याच्या मागे शिरायची गरज नाही.

डोहात पोहणारे लोक दिसतील. पाणी उन्हाळ्यातही थंडगार असतं आणि अचानक उडी मारली की श्वास अडकतो. सवय नसेल तर पाय बुडवून समाधान मानावं.

५. माळरान ओलांडून डोच्या काठानं खाली

थॉर्नटनच्या पुढे चढून रेव्हनबर पुलावरून ट्विसलटन लेनला लागायचं. वारा इथं जोरात असतो. जॅकेट आधीच चढवा. समोर ७२३ मीटरचा सपाट माथ्याचा इंगलबरो डोंगर दिसतो. शेतांतून जाताना फाटकं जशी सापडली तशीच ठेवायची: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. वासरं असलेल्या गाईंपासून लांबून वळसा घ्या, कुत्रा बरोबर असेल तर दोरीवरच ठेवा.

उतरणीवर बीझली फॉल्स, पुढे बॅक्सनगिलची अरुंद घळ, मग स्नो फॉल्स. थकलेले पाय आणि ओला दगड एकत्र येतात ते इथं, म्हणून उतरताना जास्त सावध. संपूर्ण फेरीला तीन-चार तास धरा.

मोबाइलला सगळीकडे रेंज मिळेल असं नाही. कुणी जखमी झालं तर ९९९ लावून पोलीस मागायचे आणि डोंगरी बचावपथक हवं असं सांगायचं. या भागात क्लॅपम गावातली, १९३५ मध्ये सुरू झालेली केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशन मदतीला येते. तिचे लोक स्वयंसेवक आहेत आणि पैसे घेत नाहीत.

ही वाट आवडली तर पुढच्या वेळी हार्ड्रॉ फोर्स बघा. ३० मीटरच्या आसपासची एकच सरळ धार, आणि तिच्याकडे जायचं ते एका जुन्या पबच्या आवारातून. मॅलम गावाजवळच्या जॅनेट्स फॉस या धबधब्याला तिकीट नाही. अशा नेहमीच्या पायवाटांवर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलीही चालतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल २ हा नकाशा इंगलटन आणि मॅलम दोन्हींसाठी चालतो.

घरी पोचल्यावर पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागची बाजू तपासा. झाडीत गोचिड्या असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो. गोचीड चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी, पिळू नये. पुढच्या काही आठवड्यांत तिथं गोल पसरणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांना दाखवा.