युद्धसाहित्यातील सैनिकाचे मन कसे वाचावे
युद्धावरील कादंबरी वाचताना लढाईच्या वर्णनांपेक्षा सैनिक घरी परतल्यानंतरची प्रकरणे अधिक सावकाश वाचावीत, कारण मनावरचा आघात बहुधा तेथेच, तुटक झोपेत, किरकोळ आवाजाने दचकण्यात आणि आप्तांशी बोलता न येण्यात उघड होतो. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) या कादंबरीतील, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सेप्टिमस या सैनिकाला युद्ध संपून काही वर्षे लोटल्यावरही मृत सहकारी इव्हान्स दिसत राहतो, आणि डॉक्टर होम्स मात्र त्याला काहीच झालेले नाही असे सांगतात. अशा ठिकाणी निवेदन वर्तमानातून भूतकाळात नेमके कोठे घसरते, याची समासात नोंद करावी. माझ्या मते संवादांपेक्षा ही घसरणच अधिक बोलकी असते.

आजचे निदान जुन्या पात्रावर घाईने लादू नये. ‘शेल शॉक’ (युद्धात सैनिकाच्या मनाला बसणारा धक्का) ही संज्ञा वैद्यकीय लेखनात १९१५ मध्ये आली, तर आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये स्थान मिळाले. म्हणून लेखकाच्या काळी या यातनेला आजार मानत की भित्रेपणा, हे आधी तपासावे. पहिल्या महायुद्धात लढलेले इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन यांनी १९१७ मध्ये एडिंबरा येथील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात उपचार घेतले होते, हे त्यांच्या कविता वाचताना ध्यानात असावे, परंतु कवितेला रुग्णाची नोंदवही समजू नये.